फिरत्या घराचे अंदाजपत्रक : युरोपातील दीर्घ मोटार-प्रवासाचा हिशेब

मराठीतील ‘अंदाजपत्रक’ हा शब्द संकरित आहे. त्यातील ‘अंदाज’ फारसीतून आला आणि ‘पत्रक’ संस्कृतातून. पेशवे दप्तरात याच अर्थाच्या कागदाला ‘बेहडा’ म्हणत. इंग्रजी ‘बजेट’ शब्दाचे मूळ मात्र जुन्या फ्रेंचमधील ‘बूजेत’ म्हणजे कातड्याची लहान पिशवी या शब्दात आहे. पिशवीत जे असते ते मोजता येते. अंदाजात जे असते ते केवळ वर्तविता येते. प्रवासाचा हिशेब मांडणारा मनुष्य बहुधा पिशवी मोजतो आणि आपण अंदाज केला असे समजतो. दीर्घ परदेश-प्रवासाची बहुतेक अंदाजपत्रके ज्या ठिकाणी चुकतात, ते ठिकाण या दोन क्रियांच्या मधल्या अंतरात आहे.

याच संदर्भात मराठीतील आणखी एक जोडी ध्यानात घ्यावयास हवी. ‘घरखर्च’ आणि ‘वाटखर्ची’ हे दोन शब्द दोन निरनिराळ्या हिशेबांचे आहेत. घरखर्च आवर्ती असतो. मागील महिन्यावरून पुढील महिना सांगता येतो. वाटखर्ची एकवार असते. ती बरोबर घ्यावयाची, संपवावयाची आणि परत आल्यावर तिचा विषय मिटवावयाचा. मोटारहोम, म्हणजे ज्यात निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय आहे असे स्वयंचलित वाहन, या दोन्ही हिशेबांना एका छपराखाली आणते. त्यात राहणारा एकाच दिवशी घरमालकही असतो आणि वाटसरूही. म्हणून त्याचे अंदाजपत्रक हॉटेलात उतरणाऱ्या प्रवाशाच्या अंदाजपत्रकाहून वेगळ्या रीतीने करावे लागते.

या वाहनाला मराठीत अद्याप स्थिर नाव नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये यासंबंधीचे पर्यटन-धोरण जाहीर केले तेव्हाही ‘कॅरॅव्हॅन’ हाच शब्द स्वीकारला. या शब्दाचा प्रवास वाहनाइतकाच लांबचा आहे. फारसी ‘कारवान’ म्हणजे एकत्र चालणाऱ्या प्रवाशांचा समूह, मराठीत ज्याला ‘तांडा’ म्हणतात तो. इंग्रजीत जाऊन तो प्रथम झाकलेल्या गाडीचा आणि मग एकट्या कुटुंबाच्या चाकांवरील घराचा वाचक झाला. समूहवाचक शब्दाचा अर्थ असा एकाकी व्हावा हे गमतीचे खरे. पण खर्चाच्या दृष्टीने तो बदल महत्त्वाचा आहे. तांड्यात पाणी, पहारा, वाटाड्या व आजारपण यांचा भार अनेकांत वाटला जाई. फिरत्या घरात तो सर्व एका कुटुंबावर येतो, आणि त्याची भरपाई विम्याने करावी लागते.

हौसेखातर केलेल्या अशा प्रवासाचे एक जुने व प्रसिद्ध उदाहरण म्हणजे विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांचे. आरमारातून निवृत्त झालेल्या या शल्यवैद्याने १८८५ मध्ये ‘वॉन्डरर’ नावाची, सुमारे दोन टन वजनाची, दोन घोड्यांची गाडी ब्रिस्टल येथे बांधवून घेतली व ती स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत नेली. त्यांचा एक सेवक तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्त्याची खबर घेई. मराठी फौजांच्या पुढे बिनीवाले जात, त्याचीच ही घरगुती आवृत्ती म्हणावयास हरकत नाही. जर्मनीत १९३१ साली आरिस्ट डेटलेफ्स या चाबूक बनविणाऱ्या घराण्यातील व्यावसायिकाने, विक्रीच्या फेऱ्यांवर आपल्या चित्रकार वाग्दत्त वधूसही बरोबर येता यावे म्हणून, मोटारीमागे जोडावयाचे एक घर तयार केले. त्याला त्याने ‘वोनआउटो’, म्हणजे राहण्याची मोटार, असे नाव दिले. १९५१ मध्ये फोक्सवागेनच्या व्हॅनमध्ये वेस्टफालिया कारखान्याने निजण्या-जेवणाची पेटी बसविली, आणि घर मागे ओढण्याऐवजी मोटारीतच मावू लागले. सध्या युरोपात या वाहनास जर्मन ‘वोनमोबील’ म्हणतात, फ्रेंच ‘कांपिंग-कार’ म्हणतात आणि स्पॅनिश ‘आउतोकाराव्हाना’ म्हणतात. नावे भिन्न असली तरी त्यांपैकी पुष्कळ गाड्यांचा खालचा सांगाडा फियाट ड्युकाटो या एकाच मालवाहू व्हॅनचा असतो.

विवेचनासाठी एक कल्पित पण सर्वसामान्य उदाहरण घेऊ. ब्रिटनमधील एक निवृत्त दांपत्य स्वतःच्या साडेतीन टनी मोटारहोममधून, एका कुत्र्यासह, १ सप्टेंबरला कॅले बंदरात उतरते. ऱ्हाईनचे खोरे, बव्हेरिया, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटली, सिसिली आणि मग दक्षिण फ्रान्समार्गे परत, असा सुमारे ९,००० किलोमीटरचा बेत आहे. मुदत ८४ दिवस, म्हणजे २३ नोव्हेंबरपर्यंत. या प्रवासासाठी त्यांनी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पैसा बाजूस टाकला आहे, आणि प्रकृतीचा विचार करता तो पुन्हा करता येईल याची खात्री नाही. अशा वेळी चुकीची किंमत केवळ युरोत मोजता येत नाही.

त्यांच्या बेतातील पहिली मर्यादा पैशांची नाही, दिवसांची आहे. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघ सोडला आणि संक्रमणकाळ त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपला. तेव्हापासून ब्रिटिश नागरिकाला शेंगेन क्षेत्रात ‘कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस’ राहता येते. हा नियम वाचणारे बहुतेक जण ‘कोणत्याही’ या विशेषणावरून घाईने पुढे जातात आणि १८० दिवसांचा कालखंड आपल्या प्रवेशाच्या तारखेपासून सुरू होतो असे धरून चालतात. वस्तुतः या एका विशेषणात नियमाचे सर्व मर्म आहे. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागे वळून, तो दिवस धरून १८० दिवसांची खिडकी उघडावयाची आणि तीत एकूण किती दिवस शेंगेनमध्ये काढले ते मोजावयाचे. खिडकी दररोज एक दिवस पुढे सरकते. प्रवेशाचा दिवस मोजतात, निर्गमनाचा दिवसही मोजतात.

आता असे समजू की या दांपत्याने त्याच वर्षी १० ते २१ जून असे १२ दिवस स्पेनमध्ये विमानाने जाऊन सुट्टी घेतली होती. २३ नोव्हेंबरपासून मागे मोजलेली खिडकी २८ मे रोजी सुरू होते, म्हणजे जूनमधील बाराही दिवस तीत सापडतात. १२ आणि ८४ मिळून ९६ होतात. सहा दिवस अधिक झाले. त्यांना १७ नोव्हेंबरला बाहेर पडलेच पाहिजे, म्हणजे ७८ दिवसांतच प्रवास संपविला पाहिजे. हीच सुट्टी त्यांनी १० ते २१ मे अशी घेतली असती तर तिचा एकही दिवस २३ नोव्हेंबरच्या खिडकीत आला नसता आणि पूर्ण ८४ दिवस हाती राहिले असते. एक महिन्याच्या या फरकाला पैशाच्या हिशेबात कोठेही स्थान नाही. कोणत्याही खातेवहीत तो दिसणार नाही.

पूर्वी यावर एक तोड होती. क्रोएशियात जाऊन काही आठवडे काढले की ते दिवस शेंगेनमध्ये धरले जात नसत. १ जानेवारी २०२३ रोजी क्रोएशिया शेंगेनमध्ये आला व ती वाट बंद झाली. बल्गेरिया आणि रुमानिया यांच्या जमिनीवरील सीमा १ जानेवारी २०२५ पासून याच क्षेत्रात मोडतात. आल्बेनिया, माँटेनेग्रो, बोस्निया, सर्बिया, तुर्कस्तान, मोरोक्को हे देश अद्याप बाहेर आहेत. पण तेथे जाण्याने अंतर वाढते, आणि गाडीचा विमा त्या त्या देशात लागू आहे की नाही हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. शिवाय पासपोर्टावरील पुसट शिक्क्यांचा आधार आता राहिलेला नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या प्रवेश-निर्गमन नोंदपद्धतीत बोटांचे ठसे व चेहऱ्याची प्रतिमा यांसह दिवसांची मोजणी यंत्र करते.

सहा दिवस कमी झाले म्हणजे चौऱ्याऐंशीपैकी सहा भाग खर्च वाचला, असा सहज समज होतो. तो बरोबर नाही. मोटारहोमच्या खर्चातील सर्वांत मोठा एक घटक दिवसांवर अवलंबून नसून अंतरावर अवलंबून असतो. शंभर किलोमीटरला सुमारे ११ लिटर डिझेल लागते असे धरले तर ९,००० किलोमीटरला ९९० लिटर लागेल. भाव लिटरला १.६० युरो धरल्यास १,५८४ युरो होतात. प्रवास ८४ दिवसांत करा की ७८ दिवसांत, हा आकडा बदलत नाही. बोटीचे भाडे, वार्षिक विमा, टायर, गाडीची तपासणी यांचेही तसेच. वाचतो तो फक्त सहा दिवसांचा शिधा आणि सहा रात्रींचे भाडे. पुढे येणाऱ्या दरांनी हिशेब केला तर सुमारे २७० युरो. उलट तेच अंतर कमी दिवसांत तोडावयाचे झाल्यास मजल लांबते, लांब मजलेसाठी पथकराचा महामार्ग धरावा लागतो आणि वाचलेले पैसे तिकडे जातात. ज्यांना खर्च खरोखर कमी करावयाचा आहे त्यांनी दिवस न कापता अंतर कापावे. सिसिली वगळली तर बेत निम्मा झाल्यासारखा वाटेल, पण हिशेबात तोच एक निर्णय ठळकपणे दिसेल.

पथकराच्या बाबतीत युरोप हा एक देश नाही, हे प्रवाशाला पहिल्याच आठवड्यात कळते. जर्मनीत साडेतीन टनांपर्यंतच्या खाजगी मोटारहोमला महामार्गाचा कर नाही. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड व स्लोव्हेनिया येथे ठराविक मुदतीचा परवाना, ज्याला ‘व्हिन्येट’ म्हणतात, तो घ्यावा लागतो. स्वित्झर्लंडमध्ये तो केवळ वार्षिक मिळतो व त्याची किंमत ४० फ्रँक आहे, मग तेथून एकदा जा की शंभर वेळा. फ्रान्स व इटली येथे अंतराप्रमाणे कर पडतो. फ्रान्समध्ये त्यातही उंचीचा भेद आहे. दोन ते तीन मीटर उंचीची व साडेतीन टनांपर्यंतची गाडी दुसऱ्या वर्गात जाते. उंची तीन मीटर किंवा अधिक झाली, अथवा अनुज्ञात वजन साडेतीन टनांवर गेले, की ती तिसऱ्या वर्गात जाते व दर बराच वाढतो. २.९५ मीटर आणि ३.०५ मीटर या दोन गाड्यांत राहणाऱ्याला काहीच फरक जाणवत नाही, पण प्रत्येक नाक्यावर जाणवतो. स्पेनने १ सप्टेंबर २०२१ रोजी भूमध्य समुद्रालगतच्या मोठ्या महामार्गावरील बराच कर उठविला. त्यापूर्वीचे अनुभव वाचून केलेले अंदाज तेथे जास्तीचे ठरतात. जुनी माहिती नेहमी खर्च कमीच दाखविते असे नाही.

रात्रीच्या मुक्कामाचा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला विशेष रुचेल असा आहे, कारण तो व्याख्येचा प्रश्न आहे. ‘उभे राहणे’ आणि ‘तळ ठोकणे’ यांत भेद कोणता? इटलीच्या वाहतूक-संहितेतील १८५ वे कलम सांगते की मोटारहोम केवळ चाकांवर उभे असेल, स्वतःच्या मापाबाहेर जमीन व्यापीत नसेल आणि पाणी-घाण बाहेर सोडीत नसेल, तर ते उभे राहणे होय, तळ नव्हे. बाहेर छत उघडले, खुर्च्या मांडल्या, की अर्थ बदलला. जर्मनीत वाहन चालविण्याची शक्ती परत येण्यापुरती एक रात्र रस्त्याकडेच्या वाहनतळावर झोपणे चालते, त्यापलीकडे नाही. स्लोव्हेनिया व क्रोएशिया येथे नेमलेल्या जागेबाहेर रात्र काढण्यास मनाई असून दंड होतो. म्हणून ‘फुकट राहू’ हे वाक्य अंदाजपत्रकात लिहिताना ते कोणत्या देशात खरे आहे याची नोंद शेजारी हवी. नेमलेल्या जागाही दोन प्रकारच्या. पूर्ण सोयींचे शिबिरस्थळ महाग असते. जर्मनीतील ‘श्टेलप्लाट्झ’ किंवा फ्रान्समधील ‘एर’ म्हणजे गाडी लावणे, पाणी भरणे व मैला रिता करणे एवढ्यापुरती बहुधा नगरपालिकेची जागा. ती स्वस्त, कधी विनामूल्यही असते.

आमच्या उदाहरणातील दांपत्याला ७७ रात्री काढावयाच्या आहेत. त्यांपैकी ४० शिबिरस्थळी, सरासरी ३० युरोंनी. २६ स्वस्त जागी, १२ युरोंनी. उरलेल्या ११ विनामूल्य, असे धरले तर १,५१२ युरो होतात. दोघांच्या जेवणखाणास रोज २५ युरो म्हणजे १,९५० युरो. पथकर, व्हिन्येट व मेसिनाच्या सामुद्रधुनीवरील बोट मिळून ४०० युरो. डिझेलसह बेरीज ५,४४६ युरो येते. हे आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत; प्रत्येकाने आपले भाव घालावेत. आता या बेरजेखाली बहुतेक सर्व प्रवासी एक ओळ लिहितात : ‘किरकोळ, ३०० युरो’.

या एका ओळीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ‘किरकोळ’ हे खर्चाचे नाव नसून नाव न देण्याचे नाव आहे. ज्याला खात्यात जागा सापडत नाही ते त्यात टाकावयाचे आणि त्याचा आकडा इतर आकड्यांच्या मानाने शोभेल असा ठरवावयाचा. आमच्या दांपत्याने तीच ओळ उलगडून लिहिली असती तर काय दिसले असते? आठ दिवसांतून एकदा कपडे यंत्रात धुवावयाचे. दहा वेळा, प्रत्येकी १० युरो, म्हणजे १००. स्वयंपाक व उष्णतेसाठी गॅस, पाच वेळा ३० प्रमाणे, १५०. बारा शहरांत मोठी गाडी बाहेर ठेवून आत जावयाचे तर वाहनतळ व बसभाडे प्रत्येकी २०, म्हणजे २४०. पंधरा वस्तुसंग्रहालये व प्राचीन स्थळे, दोघांचे प्रत्येकी २४, म्हणजे ३६०. औषधे व दूरध्वनी १००. एकूण ९५० युरो. यांत कोठेही अपघात नाही, आजार नाही, दुर्दैव नाही. रोम पाहण्यासाठी गेलेला मनुष्य रोममध्ये प्रवेशमूल्य देईल, एवढेच यात गृहीत आहे.

आपल्याच योजनेविषयी मनुष्य असा आशावादी का होतो, याचा मानसशास्त्रात पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. डॅनिएल कानेमन व एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला ‘नियोजनदोष’ या अर्थाचे नाव दिले. योजना आखणारा आतून पाहतो; आपल्या कामाचे टप्पे डोळ्यांपुढे आणतो आणि ते एकामागून एक सुरळीत पार पडतील असे कल्पितो. तशाच प्रकारची इतर कामे प्रत्यक्षात कशी झाली, ही बाहेरून पाहण्याची दृष्टी त्याला सुचत नाही. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन व रॉस यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॅनडातील मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंधिका पूर्ण होण्यास किती दिवस लागतील हे विचारले. सरासरी उत्तर ३३.९ दिवसांचे आले. सर्व काही बिघडले तर किती लागतील, याचे उत्तर ४८.६ आले. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे सर्वांत वाईट कल्पनाही वस्तुस्थितीच्या अलीकडेच राहिली. या बुलेटिनच्या वाचकांपैकी अनेकांना हे प्रयोगाविनाही पटेल.

खर्चाच्या बाबतीत अधिक नेमके असे दोन निष्कर्ष आहेत. सस्मन व ऑल्टर यांनी २०१२ मध्ये दाखविले की लोक नित्याच्या खर्चाचा अंदाज बऱ्यापैकी करतात. चुकतात ते अपवादात्मक खर्चात. प्रत्येक अपवाद त्यांना एकटा, पुन्हा न येणारा वाटतो, म्हणून त्याला ते विस्तृत वर्ग देत नाहीत. पण अपवादांची संख्या मात्र नित्य असते. टायर फुटणे अपवादात्मक, काच तडकणे अपवादात्मक, दातदुखी अपवादात्मक. अकरा आठवड्यांत यांपैकी एकही न होणे हेच सर्वांत अपवादात्मक. दुसरा निष्कर्ष उल्क्युमेन, थॉमस व मॉर्विट्झ यांचा, २००८ चा. पुढील महिन्याचे अंदाजपत्रक करणाऱ्यापेक्षा पुढील वर्षाचे करणारा सत्याच्या अधिक जवळ जातो, कारण वर्षाविषयी त्याला कमी खात्री असते आणि त्या अनिश्चितीपोटी तो आकडा वाढवून धरतो. महिन्याविषयी वाटणारी खात्रीच त्याला फसविते. मोटारहोमचा प्रवासी दर आठवड्याचा खर्च काढून त्याला अकराने गुणतो. तेथे ही फसवी खात्री अकरा पट होते. त्यापेक्षा मागील प्रवासाची खरी खातेवही, स्वतःची नसल्यास तशाच दुसऱ्या प्रवाशाची, घेऊन तिच्या एकूण बेरजेपासून आरंभ करणे श्रेयस्कर. जुन्या मराठी जमाखर्चात ‘तसलमात’ नावाचे खाते असे; पैसा दिला आहे, पण तो कशात खर्ची पडेल हे अद्याप ठरलेले नाही, अशी रक्कम त्यात राही. ‘किरकोळ’ उलगडून झाल्यावर अपवादांसाठी जी राखीव रक्कम ठेवावयाची तिला तसलमातीचाच स्वभाव असावा. ती आधीच खर्ची टाकलेली असावी, फक्त तिचे कारण मोकळे असावे.

पैसा व दिवस यांच्याखेरीज तिसरे अंदाजपत्रक वजनाचे असते आणि ते सर्वांत कमी लोक करतात. साध्या मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचेच वाहन चालविता येते, असा युरोपात दीर्घकाळ चालत आलेला नियम. गाडी चालू स्थितीत, चालकासह, ३,००० किलो असेल तर हाती ५०० किलो उरतात. त्यातून दुसरा प्रवासी, कुत्रा, पाण्याची टाकी पूर्ण भरल्यास शंभर लिटरचे शंभर किलो, दोन सायकली, बाहेरचे छत, जास्तीची बॅटरी, भांडी, पुस्तके. शेवटच्या संध्याकाळी ‘असू दे बरोबर’ म्हणून चढविलेली प्रत्येक वस्तू या खात्यात जमा होते. निघण्यापूर्वी भरलेली गाडी एकदा काट्यावर घालणे हा अर्ध्या तासाचा आणि अल्प खर्चाचा उपाय आहे. तो बहुतेक जण परत आल्यावर करतात, किंवा पोलिसांनी करविला म्हणून करतात. पाणी मात्र वाटेत कोठेही मिळते. टाकी अर्धी ठेवून निघाले तर पन्नास किलो तत्काळ मोकळे होतात.

आता ऐनवेळच्या कामांकडे वळावयाचे. ‘ऐनवेळ’ या शब्दातील ‘ऐन’ हा अरबी असून त्याचा अर्थ ‘खास तोच, नेमका’ असा आहे. शेवटी शेवटी उरलेले ते ऐनवेळचे, असा अर्थ व्यवहारात रूढ झाला असला तरी मूळ अर्थ अधिक उपयोगी आहे. काही कामे आळसाने शेवटी राहतात. काही कामांची नेमकी वेळच शेवटची असते. त्यांना एकाच यादीत घालणे ही निघण्याच्या आठवड्यातील धावपळीची खरी मुळी होय.

कुत्र्याचे उदाहरण घ्या. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये दिलेला प्राण्याचा युरोपीय पासपोर्ट चालेनासा झाला. प्रत्येक प्रवासासाठी पशुवैद्याचे आरोग्यपत्र लागते आणि ते युरोपीय संघात प्रवेश करण्यापूर्वीच्या दहा दिवसांतच घ्यावे लागते. दोन महिने आधी जाणारा दक्ष मनुष्य येथे निरुपयोगी ठरतो. त्याने आधी करावयाचे ते एवढेच की त्या दहा दिवसांतील भेटीची वेळ राखून ठेवावयाची. मांस व दुग्धपदार्थ ब्रिटनमधून युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणून शीतकपाट निघण्याच्या दिवशी रिते असले पाहिजे. ते भरण्याचे काम कॅलेच्या पलीकडचे आहे. गॅसची गोष्ट नेमकी उलट. एका देशाच्या गॅसटाक्या दुसऱ्या देशात बदलून मिळत नाहीत आणि जोडणीचे तोंडही भिन्न असते. त्यासाठी लागणारे जोडतुकडे घरीच घ्यावेत, कारण गरज भासेल तेव्हा रविवार असतो. परदेशात गाडी बंद पडल्यास मदत देणारा विमा घेताना गाडीची लांबी, उंची व वजन त्याच्या मर्यादेत बसते की नाही हे आधी पाहावे. ब्रिटिश शासनाचे आरोग्यपत्र दाखवून युरोपातील सरकारी उपचार मिळतात, पण आजारी माणसाला स्वदेशी आणण्याचा खर्च त्यातून मिळत नाही. तेवढ्यासाठी स्वतंत्र विमा लागतो. तो टाळून वाचविलेली रक्कम आणि तो नसताना पडू शकणारी रक्कम यांची तुलना करण्यास अंकगणिताची फारशी गरज नाही.

कायद्याने निर्माण केलेली ऐनवेळही असते. ऑस्ट्रियाने २०१७ मध्ये काचेवर चिकटवावयाच्या व्हिन्येटबरोबर वाहनक्रमांकावर नोंदविला जाणारा डिजिटल परवाना विकण्यास आरंभ केला. तो घरबसल्या घेणाऱ्या ग्राहकाला मात्र खरेदीनंतर अठराव्या दिवसापासूनच लागू होई, कारण दूरविक्रीत घेतलेली वस्तू परत करण्याचा ग्राहकाचा हक्क आधी संपावा लागे. ग्राहकाच्या रक्षणासाठी केलेली तरतूद अशी ग्राहकालाच सीमेवर अडवीत असे. नाक्याजवळच्या दुकानात घेतलेला कागदी परवाना मात्र तत्काळ चाले.

महाराष्ट्रातून अशा प्रवासास जाणाऱ्यांच्या अडचणी काहीशा वेगळ्या आहेत. त्यांना गाडी भाड्यानेच घ्यावी लागते, आणि दिवसांची मोजणी सुरू होण्यापूर्वी शेंगेन व्हिसाची पायरी असते. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपर्यंत करता येतो व पंधरा दिवसांपेक्षा उशिरा करता येत नाही. प्रौढांचे शुल्क ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. व्हिसावर जितके दिवस लिहिले असतील तितकेच मिळतात. ते नव्वदच असतील असे नाही. म्हणून गाडीचे संपूर्ण भाडे आगाऊ देण्यापूर्वी ते परत मिळण्याच्या अटी वाचणे अगत्याचे. परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना एक वर्ष चालतो. तो मूळ परवान्याबरोबरच दाखवावयाचा असतो. भाड्याच्या गाडीत आणखी दोन आकडे पाहावे लागतात. एक, दररोज किती किलोमीटर भाड्यात धरलेले आहेत. दुसरा, गाडीस इजा झाल्यास विम्यापूर्वी प्रवाशाने सोसावयाची रक्कम. ही दुसरी रक्कम अनामत म्हणून आरंभीच अडकते, त्यामुळे खर्च न होताही ती खर्चाइतकीच हाताबाहेर असते.

परतीच्या वाटेवरील कामे अंदाजपत्रकात सहसा येतच नाहीत. आमच्या उदाहरणातील दांपत्य १७ नोव्हेंबरच्या संध्याकाळी कॅलेहून बोटीत चढणार असेल, तर ब्रिटनमध्ये प्रवेश करण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान कुत्र्याला फीतकृमीचे औषध पशुवैद्याकडून देवविले पाहिजे आणि त्याची नोंद आरोग्यपत्रावर घेतली पाहिजे. याचा अर्थ १२ नोव्हेंबरच्या संध्याकाळपासून १६ च्या संध्याकाळपर्यंत ते फ्रान्समधील एखाद्या अशा गावी असावयास हवेत की जेथे पशुवैद्य आहे आणि ज्याचा दवाखाना त्या दिवशी उघडा आहे. १५ नोव्हेंबर शनिवारी येत असेल तर १४ तारखेची वेळ आधीच मागून ठेवावी लागेल. औषध चुकले तर बोटीवर घेत नाहीत. बोट चुकली तर नव्वदावा दिवस उलटतो. १२ एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून मांस व चीज ब्रिटनमध्ये वैयक्तिक वापरासाठीही आणता येत नाही, तेव्हा दक्षिण फ्रान्समध्ये हौसेने घेतलेले उरलेले चीज त्याच दोन-तीन दिवसांत संपविलेले बरे.